सनस्क्रीन काही केल्या नापास होईना

आमच्या मुंगीची कातडी इतकी नाजूक, की तिच्यासमोर नुसतं 'ऊन' म्हटलं तरी तिचे कान लाल व्हायचे. ढब्बूची गत त्याहून वाईट. त्याला टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्या दाखवायची सोय नव्हती. त्या बाईनं नकाशावर पिवळा गोळा चिकटवला रे चिकटवला, की याच्या मानेवर पुरळ. गोळा डावीकडे असेल तर पुरळही डावीकडे. यात एक अक्षर खोटं नाही. खोटं बोलायला मला फुरसत कुठे आहे?

दोघं जुळी. मुंगी काही मिनिटांनी मोठी, आणि त्या मिनिटांचा तोरा ती अजून मिरवते. मुंगी नाव मीच पाडलं, कारण ती स्वतःपेक्षा मोठा हट्ट उचलून चालते.

मागच्या सुट्टीत ही मंडळी समुद्रावर गेली होती. गेली म्हणजे काय, हॉटेलच्या खोलीत पडदे लावून बसली. मुलांनी समुद्र पाहिला तो पडद्याच्या फटीतून. तेवढ्या फटीतूनही ऊन आत आलं आणि मुंगीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक उभी लाल रेघ उमटली, फटीइतकी रुंद. शाळेत बाईंनी विचारलं, समुद्र कसा असतो, तर ही म्हणाली, "उभा असतो. आणि बारीक असतो." सगळा वर्ग हसला. घरी येऊन तिनं दप्तर ठेवलं आणि जाहीर केलं, की या वर्षी मी आत जाणार, गुडघ्यापर्यंत पाण्यात. ढब्बू म्हणाला, मी पण. त्याचं आयुष्य 'मी पण'वर चाललेलं आहे.

आमच्या सूनबाईंनी ऐकून घेतलं. सूनबाई लिफ्ट तपासतात. शहरातल्या इमारतींत जाऊन लिफ्टमध्ये वजनं भरायची, वर-खाली करायची आणि ही माणसांच्या लायकीची आहे की नाही ते ठरवायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे कुठल्याच गोष्टीवर त्यांचा बघताक्षणी विश्वास बसत नाही. लग्नानंतर पहिले काही महिने त्या माझ्याकडेही तशाच बघायच्या. त्यांनी निकाल दिला, की शुक्रवारपर्यंत मुलांसाठी एखादी सनस्क्रीन पास झाली तर समुद्र. नाही झाली तर तिकिटं रद्द आणि सुट्टी मावशीकडे.

मावशी म्हणजे सूनबाईंची थोरली बहीण. बाई प्रेमळ आहे, पण राहते तळघरासारख्या घरात. भर दुपारी दिवा लावावा लागतो. आणि तिला नाद एकच, चित्राचे तुकडे जोडायचा. मागे मुलं तिच्याकडे राहिली तेव्हा अख्खी सुट्टी आकाशाचे निळे तुकडे शोधण्यात गेली. परत आल्यावर ढब्बू कितीतरी दिवस जेवताना ताटातले घास फिरवून फिरवून कुठे बसतात ते बघायचा.

तर आधी कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या फार शहाण्या. म्हणाल्या, लहान मुलांची घ्या, बिनवासाची, झिंकवाली, लावल्यावर पांढरी दिसते ती. कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी लावून एक दिवस बघा. टोपी घाला, लांब बाह्या घाला, भर दुपारी जाऊ नका, पाण्यातून आलं की पुन्हा लावा. झालं, पाच मिनिटांत आम्ही बाहेर. दुसरं कुठलं कुटुंब असतं तर एक ट्यूब घेऊन घरी गेलं असतं.

पण आमचा मुलगा जिन्यातून परत वर गेला आणि त्यानं विचारलं, थोडीशी म्हणजे किती? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडीशी म्हणजे थोडीशी. हे उत्तर त्याला फार लागलं. तो रंगाच्या दुकानात रंग मिसळून देतो. एक थेंब इकडचा तिकडे झाला तर भिंत आजारी दिसते, असं त्याचं म्हणणं. आणि सूनबाईंच्या लिफ्टमध्येही 'थोडीशी' नावाचं वजन नसतं. घरी येईपर्यंत नवरा-बायकोचं एकमत झालं होतं, की डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत पण कामात ढिल्या आहेत. आपण नीट करू.

औषधाच्या दुकानात मुलानं प्रत्येक ट्यूब उघडायला लावून हुंगली. वास नाही याची खात्री करायला तो इतका वेळ हुंगत बसला, की शेवटी त्याला कशाचाच वास येईना. संध्याकाळी गॅसवर दूध जळून काळं झालं, शेजारचे बादली घेऊन धावत आले, आणि हा गॅसच्या बाजूलाच बसून पेपर वाचतोय. अशा नाकानं पास केलेल्या सगळ्या ट्यूबा आम्ही उचलल्या. दुकानदारानं 'सनस्क्रीन संपली' अशी पाटी लावली आणि शटर ओढून तो स्वतःच सुट्टीवर निघून गेला.

आता एवढ्या ट्यूबा आणि कोपरं चारच. मुलानं भिंतीची पद्धत काढली. भिंत रंगवायच्या आधी तो तिच्यावर चिकटपट्ट्या लावून चौकटी पाडतो आणि प्रत्येक चौकटीत वेगळी छटा लावून बघतो. तशा त्यानं मुलांच्या हातांवर आणि पाठीवर चौकटी पाडल्या. एका चौकटीत एक क्रीम. पहिला हात, वाळू द्यायचं, दुसरा हात. दोन हातांच्या मधे घासायला म्हणून त्यानं खिशातून पॉलिशपेपर काढला तेव्हा मात्र मी तो हिसकावून घेतला. भिंत आणि मूल यांत फरक असतो, हे एवढ्या मोठ्या घोड्याला समजावून सांगावं लागलं. तो म्हणाला, "मग चिकटणार कसं, आई?" मी म्हटलं, तुला मी न घासताच मोठा केलाय ना.

चौकटी भरून झाल्यावर त्यानं उरलेल्या जागाही भरल्या. मधेच कुठे कोरी जागा दिसली की त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. नखाएवढी फट सापडली तरी तिच्यात क्रीम. शेवटी मुलं अशी दिसायला लागली, की चुना लावून कोणी दोन खांब उभे केलेत आणि ते खांब मधूनमधून शू आली म्हणतायत.

मग त्यांना गच्चीवर उन्हात उभं केलं. आणि ऊन बावचळलं. इतक्या गुळगुळीत पांढऱ्या अंगावर त्याला पाय ठेवायला जागाच सापडेना. ते मुंगीच्या पाठीवर पडलं, घसरलं, ढब्बूच्या पोटावर आदळलं आणि तिथून उसळी मारून सरळ समोरच्या इमारतीत घुसलं. समोर गणिताचे एक मास्तर राहतात. ते बाल्कनीत पेपर वाचत बसले होते. त्यांच्या पेपराचं डावं पान जागच्या जागी पिवळं पडलं. दोरीवरचे ओले कपडे वाळले, आणि जे अजून बादलीतच होते तेही वाळले.

थोड्याच वेळात मास्तर आमच्या दारात. चेहऱ्याची डावी बाजू बिटासारखी लाल, उजवी बाजू जशीच्या तशी. त्यांनी भांडायला तोंड उघडलं. पण सूनबाईंनी त्यांचा तो लाल गाल बघितला आणि त्यांचे डोळे असे चमकले, की मास्तर दचकून एक पायरी खाली उतरले.

"तुमची त्वचा नाजूक आहे का हो?" सूनबाईंनी विचारलं.

मास्तर म्हणाले, लहानपणापासून. आणि गेले बिचारे. पुढच्या क्षणी ते आमच्या स्टुलावर बसलेले, बाह्या वर, हातांवर चौकटी. भांडण कशावरून करायचं होतं तेही विसरले. उलट मुलानं एक चौकट जरा तिरकी काढली तर म्हणाले, कोन बघा तुमचा. त्या दिवसापासून रोज सकाळी ते पट्टी घेऊन आपणहून यायला लागले.

अशा रीतीनं सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. मुलांना सकाळी उन्हात, संध्याकाळी उन्हात. आणि कुणाला काही होईना. मुंगीला पुरळ नाही, ढब्बूला खाज नाही. मास्तरांची तर डावी बाजूही निवळली. सगळ्या चौकटी कशा शांत. मुंगीनं पलंगाखालून बॅग ओढून काढली, तिच्यात पोहायचे कपडे टाकले, आणि ते चुकून निसटू नयेत म्हणून वर माझी उशी टाकली.

पण सूनबाईंचं तोंड उतरलं. मी विचारलं, आता काय झालं?

"एक तरी नापास व्हायला हवी होती, आई," त्या म्हणाल्या.

मला वाटलं उन्हानं यांचं डोकं फिरलं. पण त्यांनी शांतपणे समजावलं. लिफ्ट तपासताना त्या वजन वाढवत नेतात. एक वेळ अशी येते की लिफ्ट कुरकुरते, अडते, हलायचं नाव घेत नाही. ते दिसलं, की मगच त्याहून कमी वजनाला त्या सही देतात. लिफ्ट कशानेच अडली नाही, तर कळणार काय? कदाचित वजनंच पोकळ असतील. म्हणजे इथे कदाचित ऊनच पोकळ असेल. हे ऊन खरं होतं कशावरून? समुद्रावरचं ऊन आणि आपल्या गच्चीवरचं ऊन, यांची भेट तरी झालीय का कधी?

मी म्हटलं, सूनबाई, समोरचे मास्तर अर्धे भाजले. तर म्हणाल्या, ते परावर्तित ऊन होतं, ते मी धरत नाही.

त्यांचं म्हणणं चुकीचं आहे हे मला दिसत होतं, पण कुठे चुकतंय तिथे बोट ठेवता येईना. मुलाला तर ते पटलंच. तो म्हणाला, मग ऊन वाढवू. घरातले सगळे आरसे गच्चीवर गेले. आरशातलं ऊनही परावर्तितच, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या कपाटाचं दार आरशासकट उपटून नेलं. मास्तरांनी कोन काढून दिले, कुठला आरसा कुठे तोंड करून ठेवायचा ते. सगळीकडचं ऊन गोळा करून त्यांनी दोन चिमुकल्या पोरांवर सोडलं. मी छत्री घेऊन आडवी आले तर छत्रीच्या काड्या राहिल्या, कापड कुठे गेलं ते मला अजून माहीत नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उकळलं. इमारतीत सगळ्यांच्या नळाला कढत पाणी आलं आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन आभार मानून गेले. एक कावळा वरून उडत चालला होता, तो उतरला तेव्हा बगळा होता. का ते विचारू नका.

आणि पोरं? पोरं त्या सगळ्या आगीत उभी राहून विचारत होती, संपलं का?

काही झालं नाही. एकही चौकट लाल झाली नाही. सूनबाई आरशांच्या मधे कपाळाला हात लावून बसल्या, आणि सगळ्या आरशांत मिळून एवढ्या सूनबाई कपाळाला हात लावून बसलेल्या दिसल्या, की मला खाली यावं लागलं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मावशीला फोन लावला. आम्ही तुझ्याकडेच येतोय बहुतेक, म्हणाल्या. उद्या सकाळी तिकिटं रद्द करते. मावशीला आनंद झाला. फोनमधून तिचा आवाज सगळ्या घराला ऐकू आला, की या या, नवीन चित्र आणलंय. खूप मोठं आहे, जमिनीवर पसरावं लागेल. यावेळी नुसता समुद्र आहे.

मुंगी दारात उभी होती. ही पोरगी झोपेतही बडबडते. दाताच्या डॉक्टरांनी तोंडात यंत्र घातलं तरी बोलायची थांबली नव्हती. ती त्या संध्याकाळी एक शब्द बोलली नाही. तिनं बॅगेतनं माझी उशी काढली, माझ्या पलंगावर नेऊन ठेवली, थोपटून सरळ केली आणि जेवायला बसली. ढब्बूनं सुद्धा 'मी पण' म्हटलं नाही, कारण कशाला म्हणायचं ते त्याला कळेना.

शुक्रवारी सकाळी उठले आणि बघते तर मुंगी जागेवर नाही. वर गेले. ती गच्चीच्या कठड्याशी उन्हात बसली होती, बाही वर करून. कोपराच्या आतल्या बाजूची एक चौकट ओल्या रुमालानं घासत होती. आधी मला वाटलं, पोर रागानं सगळं पुसून टाकतेय. पण नाही. एकच चौकट. कडेच्या पट्ट्यांना धक्का न लावता, कोपऱ्या-कोपऱ्यातनं, बापासारखं निगुतीनं.

मी विचारलं, हे काय चाललंय?

"इथे काहीच लावायचं नाही, आजी," ती म्हणाली. "ही कोरी ठेवायची."

अगं लाल होईल, मी म्हटलं. खाज सुटेल.

"व्हायलाच पाहिजे."

मी तिला उचलून सावलीत नेऊ शकले असते. तिचं वजन ते काय. पण ती हात पुढे धरून अशी बसली होती, की हात म्हणजे तिचा नाहीच, कोणीतरी तिच्याकडे सांभाळायला दिलाय. मी तिच्या शेजारी टेकले. डोक्यावर पदर घेतला आणि उरलेला पदर तिच्या डोक्यावर टाकला. तेवढा हात मात्र बाहेर राहिला.

फार वेळ लागला नाही. तिच्या कातडीला ऊन ओळखायला वेळ लागतच नाही. आधी गुलाबी झाली, मग लाल, मग बारीक बारीक पुरळ, आणि सगळं त्या चौकटीच्या आत. कडा अशा सरळ, की मास्तरांनीही नाव ठेवलं नसतं. तिचे डोळे भरून आले होते. खाजवलं मात्र नाही. ओठ दाबून बघत राहिली.

आम्ही खाली आलो तेव्हा सूनबाई तिकिटं रद्द करायला फोन हातात घेऊन बसल्या होत्या. मुंगीनं तो हात त्यांच्यासमोर धरला. फोन खाली ठेवून सूनबाईंनी हात ओढून घेतला. आई गं, हे कधी झालं, हे कुठलं क्रीम, कुठली ट्यूब, आणा ती इकडे, असं त्यांचं सुरू झालं.

"कुठलंच नाही," मुंगी म्हणाली. "पुसून टाकलं. बाकी सगळीकडे आहे, तिथे काही झालं नाही. ऊन खरंच होतं, आई. बघ, तुझी लिफ्ट इथे अडली."

गॅसवरचा चहा उतू गेला, तो उतरवायला सुद्धा कोणी उठलं नाही. आमचा मुलगा त्या लाल चौकटीकडे बघत हळूच म्हणाला, कोरी जागा. आयुष्यभर जी बुजवत आला ती.

सूनबाईंना रागवायचं होतं आणि रडायचं होतं, आणि दोन्ही एकाच वेळी दारात आल्यामुळे काहीच बाहेर पडेना. त्या जमिनीवर बसल्या. त्या लाल चौकटीवर त्यांनी फुंकर घातली. मग तिच्या चारी बाजूंची पांढरी, गार, शांत कातडी बोटानं चाचपून बघितली, एकेक चौकट. लिफ्टच्या दोरांवरून त्या असाच हात फिरवत असणार.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"समुद्रावर दुखणार नाही," मुंगी म्हणाली.

मग सूनबाईंनी तिला मांडीवर ओढलं आणि मावशीला फोन करायला सांगितलं. मीच केला. म्हटलं, तुझा समुद्र तूच जोड बाई. ती म्हणाली, मग मी पण येते तुमच्याबरोबर. तिला तिकीट मिळालं नाही, हे बरं झालं.

आता प्रश्न राहिला तो एवढ्या पास झालेल्यांतली न्यायची कुठली. नवरा-बायको दुपारपर्यंत चर्चा करत बसले. शेवटी ढब्बूनं ढिगातून एक ट्यूब उचलली, कारण तिचं झाकण त्याला उघडता येत होतं. तीच नेली.

समुद्रावर आम्ही डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे सकाळी लवकर गेलो. टोपी, लांब बाह्या, वर पांढरं क्रीम. मुंगी पाण्याच्या काठाशी जरा थबकली. मग गेली. पाऊल, घोटा, गुडघा. गुडघ्याशी थांबायचं ठरलं होतं, पण ते ठरवताना पाणी हजर नव्हतं. ती कमरेपर्यंत गेली आणि तिथे उभी राहून मोठ्यानं हसायला लागली. ढब्बू पण.

थोड्या वेळानं सूनबाईंनी काठावरून हाक मारली, की बाहेर या, पुन्हा लावायची वेळ झाली. मुंगी म्हणाली, मी नाही येणार, तूच ये आत. सूनबाईंनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि होत्या त्या कपड्यांनिशी, ट्यूब हातात धरून पाण्यात शिरल्या. त्यांनी मुंगीच्या गालाला क्रीम लावलं. लाट आली, घेऊन गेली. पुन्हा लावलं. पुन्हा लाट. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय पुन्हा लावा, तर या बाई मागे हटणार नाहीत, आणि समुद्रही ऐकणाऱ्यातला नव्हता. दुसरी ट्यूब मागवली, तिसरी मागवली. आमचा मुलगा काठावरून गावातल्या दुकानापर्यंत पळत होता. मुंगीला काही झालं नाही. तिला हव्या तेवढ्या लाटा तिनं अंगावर घेतल्या. आणि समुद्र मात्र तेव्हापासून काठाकाठानं पांढरा दिसतो. लोक त्याला फेस म्हणतात. म्हणू द्या, लोकांना काय माहीत आहे.